'पास आऊट' म्हणजे नेमके काय?

पुणेकरांना 'पास आऊट' समजावून सांगावे लागत नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतल्या पासिंग आऊट परेडची बातमी दर सहा महिन्यांनी येते. ३० मे २०२५ च्या परेडमध्ये तर १७ मुलीही होत्या. तिथून प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणारी मुलींची ती पहिलीच तुकडी. लष्करातला हा शब्द आपल्याकडे कॉलेजातही रुळला. "आमची मुलगी बी.कॉम. पास आऊट आहे," असे आपण सहज सांगतो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने नोकरीच्या मुलाखतीत, व्हिडिओ कॉलवर, "आय पास्ड आऊट इन २०२३" असेच सांगितले. समोरच्या अमेरिकन माणसाने हसत विचारले, "मग आता शुद्धीवर आलात ना?" तिकडे या शब्दाचा रोजचा अर्थ बेशुद्ध पडणे. (रोज्यात, उन्हात चक्कर येऊन कोसळणे, तेही पास आऊट. आणि वर्गात पेपर वाटणे, तेही!) मुलगी जी गप्प झाली ती पुढच्या सोप्या प्रश्नांनाही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिची अम्मी आली. "टीचर, उर्दू मीडियमला घातलं, तिथंच चुकलं का आमचं?"

अजिबात नाही. एकाच क्रियापदाने दहा कामे करायची, ही गोष्ट आपल्या मुलांना नवी नाही. 'काढणे' घ्या. आपण चपला काढतो, फोटो काढतो, म्हशीचे दूध काढतो. कर्ज काढतो आणि जकातही काढतो. एकात पैसा घरात येतो, दुसऱ्यात घरातून जातो, क्रियापद मात्र तेच. आठवण काढणे वेगळे, कुरापत काढणे वेगळे. आणि दिवस काढणे काय असते, ते ज्यांनी काढले त्यांनाच ठाऊक. उर्दूत 'निकालना'चेही तसेच: ग़ुस्सा निकालना, वक़्त निकालना. यातला एकही अर्थ कुणी पाठ केलेला नसतो. सोबतच्या शब्दावरून मूल तो ओळखते.

म्हणून मी फ्रेझल व्हर्बची यादी फळ्यावर उतरवून देत नाही. परीक्षा संपली की यादी विसरली जाते. मी पूर्ण वाक्य देते. मशिदीच्या दारात 'टेक ऑफ' करतो त्या चपला. लोहगावहून 'टेक ऑफ' करते ते विमान. कोण करते आहे, कशाचे करते आहे, एवढे विचारले की अर्थ मुलेच सांगतात.

त्या मुलीचे इंग्रजी चुकीचे नव्हते. ब्रिटिश सैन्यातही प्रशिक्षण संपवून बाहेर पडणे म्हणजे पास आऊटच. फक्त ऐकणारे कान वेगळे होते. परदेशी कंपनीच्या बायोडाटात 'ग्रॅज्युएटेड' लिहावे, म्हणजे प्रश्नच उरत नाही. आणि कुणी हसलेच, तर "आमच्याकडे याचा अर्थ पदवी मिळाली असा होतो" हे इंग्रजीत सांगायला एक वाक्य पुरते. ते वाक्य मुलींकडून घरी दोन-चार वेळा म्हणवून घ्या.

'पास अवे' मात्र अगदी निराळे. ते म्हणजे इंतकाल होणे. ताजियतीच्या मेसेजमध्ये त्या जागी 'पास आऊट' लिहिलेले मी दोनदा वाचले आहे. असा मेसेज पाठवण्याआधी घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला एकदा दाखवावा.