शेतकरी कर देत नाहीं काय ?

शेतकरी कर भरीत नाहीं, असें शहरांतील लोक म्हणतात, आणि आमचे कित्येक शेतकरी बंधूही त्यास मान डोलावितात. महसूल खात्यांत साऱ्याचे हिशेब लिहिण्यांत आमचें आयुष्य गेलें. त्या अनुभवावरून हा समज चुकीचा व शेतकऱ्यास घातक आहे, असें आमचें मत आहे.

प्राप्तिकराची गोष्ट निराळी. शेतीच्या उत्पन्नास १८८६ च्या कायद्यानें सूट दिली, ती १९६१ च्या कायद्यांत राहिली व २०२५ च्या नव्या कायद्यांतही कायम आहे. परंतु १ जुलै २०१७ पासून लागू झालेला वस्तु व सेवा कर शेतकऱ्यास चुकत नाहीं. साऱ्याची पावती हातीं पडते म्हणून किती दिलें हें कळतें. हा कर किंमतींत मिसळलेला असल्यामुळें दिसत नाहीं, इतकेंच.

सेमाडोहचा शेतकरी परतवाड्यास जाऊन हजार रुपये मूळ किंमतीचें रासायनिक कीटकनाशक घेतो, तेव्हां शेंकडा १८ प्रमाणें १८० रुपये कर देतो. पैकीं ९० केंद्राचे व ९० राज्याचे. खतावर शेंकडा ५ द्यावे लागतात. दुकानदारानें माल आणतांना दिलेला कर तो आपल्या भरण्यांतून वजा करून घेतो. शेतकरी मात्र आपल्या पिकापुरता नोंदणींतून मुक्त आहे, आणि नोंदणी नाहीं त्यास वजावट नाहीं. म्हणून तो कर लागवडीच्या खर्चांतच राहतो. पिकाचा भाव बाजार ठरवितो. तेव्हां हा बोजा तो कोणावर टाकणार?

कापसाविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १५ नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यानें त्यावरील शेंकडा ५ कर स्वतः सरकारांत भरावयाचा आहे, व त्याची वजावटही त्यास मिळते. आपल्या हिशेबपट्टींत या कराच्या नांवें कपात दिसल्यास तिचें कारण अवश्य विचारावें.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरावरील कर शेंकडा १२ वरून ५ वर आला. म्हणजे दर उतरूं शकतात. रासायनिक कीटकनाशकाचा दर मात्र त्या वेळीं १८ च राहिला. तो उतरावा, अशी मागणी आपल्या संस्थेनें करावी. त्यासाठीं प्रत्येकानें खत-औषधाची पक्की पावती घेऊन वर्षभर जपून ठेवावी. आंकडे हातीं असल्यावांचून कोणतीही कचेरी ऐकत नाहीं, हें आम्ही कचेरींत बसूनच शिकलों.

शेवटीं एक कटु गोष्ट. व्यापारांतील नफा शेतीचें उत्पन्न म्हणून दाखविण्यास कोणी आपला सातबारा मागूं लागला, तर त्यास साफ नकार द्यावा. अशा लबाडीनेंच खऱ्या शेतकऱ्याची सूट लोकांच्या डोळ्यांत खुपूं लागते. आमचे वाचक या गोष्टीचा शांतपणें विचार करतील, अशी आशा आहे.