स्क्रू, रॉड आणि सबुरी

‘कंबरेचं ऑपरेशन झालं,’ म्हटलं की ऑफिसात हमखास प्रश्न येतो, ‘स्लिप डिस्क का?’ नाही हो मंडळी! स्लिप डिस्कमध्ये दोन मणक्यांमधली गादी बाहेर येते. माझा अख्खा मणकाच खालच्या मणक्यावरून पुढे सरकला होता. नाव भारदस्त आहे, स्पॉन्डिलोलिस्थेसिस.

आता, मणका सरकलेला दिसला की लगेच ऑपरेशन, असं मुळीच नसतं. पाव भागापर्यंत सरकला तर ग्रेड वन, अर्ध्यापर्यंत ग्रेड टू. ग्रेड वनवाल्या बहुतेकांचं व्यायाम आणि फिजिओथेरपीवर भागतं. माझं गणित बिघडवलं ते पायाने. सहा महिने फिजिओ करूनही कळ पोटरीपर्यंत उतरायची आणि एक दिवस पायाचा अंगठा वर उचलेना. नस दबली होती. मग मात्र फ्यूजन.

फ्यूजन म्हणजे स्क्रू आणि रॉड, असा सगळ्यांचा समज. पण 1911 मध्ये न्यूयॉर्कच्या हिब्ज आणि आल्बी या सर्जननी टीबीने पोखरलेले मणके जोडले, तेव्हा असले स्क्रू-रॉड नव्हतेच. आजही मणके जोडतं ते हाडच. स्क्रू म्हणजे स्लॅबखालचं सेंट्रिंग. स्लॅब पक्का होईपर्यंत धरून ठेवणारं. हाड जुळायला सहा महिने, कधी वर्षही लागतं.

खरी परीक्षा इथेच आहे. दोन महिन्यांत पायाची कळ गेली, मी लॅपटॉपसमोर हजर! बॉस खूश, मित्र म्हणाले, ‘चल राजमाचीला.’ बरं वाटत होतं, पण आत हाड कच्चंच होतं. वाकणं, वजन उचलणं, कंबरेत पिळणं बंद. आणि सुट्टाप्रेमींनो, धुराने हाड जुळणं रखडतं, टपरीवरचा ब्रेक विसरा.

आईबाबांना कोणी फ्यूजन सांगितलं, तर एक प्रश्न जरूर विचारा: ‘नुसती नस मोकळी करून भागेल का?’ वयोमानाने सरकलेल्या मणक्यांवर नॉर्वेत चाचणी झाली. 2021 मध्ये निष्कर्ष आला की, दोन वर्षांनंतर नुसती नस मोकळी केलेले रुग्ण फ्यूजनवाल्यांच्या मागे नव्हते. प्रत्येकाला हे लागू पडेलच असं नाही, पण विचारायला काय हरकत आहे?

एकच गोष्ट थांबवू नका. लघवी अडली किंवा बैठकीचा भाग बधिर झाला, तर मीटिंग सोडा आणि थेट इमर्जन्सी गाठा. बाकी बऱ्याच गोष्टींना सबुरी चालते.