कडेची मजुरी

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या महाविद्यालयाच्या तळमजल्यावरील वर्गांना रंग दिला गेला, हे सर्वांना ठाऊक आहेच. खाली साडेचार फुटांपर्यंत करडा ऑइलपेंट, वर फिकट पिवळा डिस्टेंपर आणि दोहोंच्या मध्ये एक इंच रुंदीची तपकिरी पट्टी. रंगांची निवड चांगली आहे; त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पट्टीबद्दल. दारापासून निघालेली ही पट्टी फळ्यापर्यंत पोचेतो दोन ठिकाणी पोटात घेते, खिडकीपाशी दीड इंचाची होते आणि कोपऱ्यात वळताना अर्धा इंच वर चढते. फळ्याच्या चौकटीवर पिवळे शिंतोडे आहेत. बटनांची पाटी अर्धी करडी, अर्धी पिवळी झाली आहे. खिडकीच्या काचांना तर कडेकडेने रंगाची दाढी फुटली आहे. मैत्रिणींना हे दाखवले तेव्हा “तुझं आपलं काहीतरीच!” म्हणून त्या हसल्या. एका प्राध्यापकांनी विचारले, “पट्टी वाकडी असली तरी तास सरळ चालले आहेत ना?” सरांचा विनोद मला आवडला, मुद्दा मात्र पटला नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की माझे मामा गेली तीस वर्षे रंगकाम करतात आणि सुटीत मी त्यांच्या हाताखाली असते. फी आणि पुस्तके त्या मजुरीतून भागतात. मुलीने शिडीवर चढावे की नाही यावर आमच्या घरी पुष्कळ खल झाला. अखेर, रांगोळीमुळे हिचा हात स्थिर आहे तेव्हा हिने खालच्या कडा माराव्यात, असा तोडगा निघाला. आता मी वरच्याही मारते. असो.

भिंतीला ही पट्टी आली कोठून? वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्यांना याचे उत्तर डोके टेकण्याच्या जागी सापडेल. केसांचे तेल, हातांचा मळ, चपलांचे ठसे हे सारे माणसाच्या खांद्याच्या उंचीच्या आतच असते. साध्या डिस्टेंपरवर ओले फडके फिरवले की रंगच फडक्याला येतो. ऑइलपेंट धुता येतो, पण महाग पडतो. म्हणून जेथवर माणूस पोचतो तेथवर ऑइलपेंट आणि त्याच्या वर डिस्टेंपर, ही काटकसरीची सोय झाली. शाळा, दवाखाने, पोलीस ठाणी, एस्. टी. स्थानके यांच्या भिंती आपण अशाच पाहत आलो. घरांतून आता धुता येणारे इमल्शन आल्यामुळे ही पद्धत मागे पडली आहे. तेथे हल्ली चारांतली एक भिंत गडद रंगवतात. म्हणजे आडवी कड गेली आणि कोपऱ्यातली उभी कड आली, इतकेच! दोन रंग जेथे भेटतात तेथे कड असायचीच, आणि पाहणाऱ्याची नजर पहिल्यांदा तेथेच जायची.

हे आजचे नाही. इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. 79 मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडले गेले. तेथील घरांच्या भिंती अशाच आडव्या तीन भागांत वाटलेल्या आहेत: खाली बहुधा गडद पट्टा, मधे रंगीत चौकटी, वर हलके काम. इजिप्तमधील अपुऱ्या राहिलेल्या थडग्यांत कारागिरांनी तांबड्या रंगात दोरी बुडवून मारलेल्या रेघा आजही दिसतात. आमचे मामा गेरू फासलेली दोरी दोन टोकांना ताणून मधे चिमटीत धरतात आणि सोडतात. ‘टण्’ असा आवाज होऊन भिंतीवर रेघ उमटते. हजारो वर्षांत या कृतीत बदल झाला तो एवढाच, की उजळ भिंतीवर गेरू मागाहून फुटून दिसतो म्हणून मामा तेथे खडूची भुकटी वापरतात. आणि इतके दूर तरी कशाला जायचे? अजिंठ्याला सहली जातात. पहिल्या लेण्यात पद्मपाणीपुढे सगळे दाटी करतात. मान वर करून छत कितीजण पाहतात? त्या छताचे लहानमोठे चौकोन पाडलेले आहेत आणि प्रत्येकाला पट्ट्यांची किनार आहे. अंधाऱ्या गुहेत, डोक्यावर हात धरून, कुणीतरी त्या किनारी ओढल्या. आमच्या खेड्यात सारवण झाल्यावर आई भिंतीच्या पायथ्याशी चुन्याची कड काढते. ती काढल्याशिवाय सारवण पुरे झाले असे ती मानतच नाही.

आता मूळ मुद्दा. कड चांगली का येत नाही? रंगाऱ्यांना हात नाही म्हणून? मुळीच नाही. रंगकामाचा दर चौरस फुटावर ठरतो, म्हणून. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची एक खोली घ्या. दार तीन बाय सातचे, खिडक्या चार बाय चारच्या दोन. भिंतींचे क्षेत्रफळ 440 चौरस फूट. त्यातून दार-खिडक्यांचे 53 वजा करा, राहिले 387. या 387 फुटांचे पैसे मिळतात. आता कडा मोजू. छताखालची 44 फूट. मधल्या पट्टीची, दार आणि खिडक्या सोडून, 33. जमिनीलगतची 41. दाराभोवती 17, खिडक्यांभोवती 32. एकूण 167 फूट. या 167 फुटांचे काय मिळते? काही नाही! कागदावर ती अस्तित्वातच नाहीत. रोलर हाती असला तर एका हाताचा सपाट भाग दोन माणसे दुपारच्या जेवणाआधी उरकतात. उरलेला दिवस आणि कधी दुसराही कडांत जातो. म्हणजे ज्या कामाला सर्वांत जास्त कसब आणि वेळ लागतो, नेमके तेच काम आपण फुकट मागतो. त्यात सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करायची आणि काम उक्ते द्यायचे. मग रंगाऱ्याने कड धावत मारली तर त्याला नाव ठेवायला आपण मोकळे.

यावर कोणी म्हणेल, “अहो, आता मास्किंग टेप निघाली आहे. चिकटवा, रंगवा, सोलून काढा. त्यात कसले आले कसब?” या टेपचा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेत दुरंगी मोटारींची टूम निघाली, तेव्हा रंगारी गाडीवर वर्तमानपत्राचे कागद डकवीत आणि कागद काढताना खालचा ओला-सुका रंगही ओरबाडून निघे. कारखान्यात काचकागदाचे नमुने घेऊन गेलेल्या रिचर्ड ड्र्यू नावाच्या एका कंपनीच्या माणसाने रंगाऱ्यांची ही अडचण पाहिली आणि 1925 साली कागदी चिकटपट्टी तयार केली. मला या गोष्टीत आवडते ते हे, की शोध लागला तो एका रंगाऱ्याच्या वैतागातून.

टेपशी माझे वैर नाही. पण टेप लावणाऱ्यांपैकी पुष्कळांची कड दातेरी येते. भिंत कधी काचेसारखी गुळगुळीत नसते. बारीक खळग्यांतून रंग टेपखाली झिरपतो. त्याला उपाय आहे. आधी वरचा रंग पुरता वाळू द्यावा. भिंतीवरची धूळ पुसावी, नाहीतर टेप धुळीलाच चिकटते. टेपची कड नखाने किंवा लांबी भरायच्या पात्याने दाबून बसवावी. आणि मग, हे फार थोडे करतात, टेपच्या कडेवरून प्रथम वरचाच रंग पातळसा फिरवावा. जे झिरपायचे ते त्या रंगाचेच झिरपते आणि खळगे बुजतात. तो वाळला की खालचा रंग द्यावा. टेप काढायची ती रंग अगदी कडक होण्याआधी, स्वतःवर दुमडत, हळूहळू. कडक झाल्यावर हिसका दिला की रंगाचा पापुद्रा टेपबरोबर येतो. एवढे सगळे करणाऱ्याचा वेळ ब्रशने कड मारणाऱ्यापेक्षा फारसा वाचत नाही, हे मी घड्याळ लावून पाहिले आहे.

ब्रशने मारायची तर ब्रश नवा नको, थोडा झिजलेला हवा. केसांचा तिसरा हिस्साच बुडवायचा. डब्याच्या काठावर एक बाजू पुसायची. रेघेवर एकदम टेकायचे नाही. किंचित अलीकडे टेकून रंगाची जी बारीक लाट पुढे सरकते ती रेघेपर्यंत न्यायची आणि मग हात थांबवायचा नाही. मनगट हलले की गेले. सबंध खांद्यातून हात ओढावा लागतो. मामा कड मारताना कोणाशी बोलत नाहीत. खाली उतरल्यावर तासाभराचे बोलणे एकदम बोलतात.

परंतु खरी परीक्षा याच्याही आधी होते. जुन्या इमारतीत छत पातळीत नसते, फरशीही नसते. पाण्याची नळी लावून अगदी बिनचूक आडवी रेघ मारली तर ती डोळ्याला तिरपी दिसते, कारण वरचे छत तिरपे आहे. छतापासून मोजून मारली तर छतासारखीच वेडीवाकडी होते. एकदा एका जुन्या वाड्यात मी मामांना विचारले, “मामा, नळीनं घ्यायची का छतापासनं?” ते म्हणाले, “भित्ताड वाकडं हाय, त्याला आपुन काय करणार? पण दारातनं आत येणाऱ्याला सरळ दिसलं पायजे.” मग ते दारात जाऊन उभे राहिले, मला दोरीचे टोक वर-खाली करायला लावले, आणि नळी व छत यांच्या मधली एक उंची धरली. तो निर्णय कोणत्याही पुस्तकात नाही, टेपच्या गुंडाळीत नाही आणि हल्ली भिंतीवर तांबडी रेघ पाडणारे जे लेझरचे यंत्र मिळते त्यातही नाही. यंत्र पातळी सांगते. पातळी पाळायची की सोडायची हे माणसाला ठरवावे लागते. सौंदर्यशास्त्राच्या तासाला आम्ही रेषेवर बरेच काही ऐकतो. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात रेषेला जाणकारांनी पहिला मान दिला आहे, हेही ऐकतो. मग तीच रेषा भिंतीवर आली, आणि ती ओढणारा माणूस रोजंदारीवरचा असला, की ती आपल्या विषयाबाहेरची कशी होते, हे गुरुजनांनीच सांगावे.

आणखी एक गोष्ट, कडेची नव्हे पण कड मारणाऱ्याची. जुन्या ऑइलपेंटात शिसे असे. ते रंगाला झाकण्याची ताकद देई आणि माणसाच्या रक्तात, मेंदूत जाऊन बसे. मुलांना त्याचा धोका सर्वांत जास्त. आपल्याकडे घरगुती रंगांत दर दहा लाख भागांमागे 90 भागांपेक्षा अधिक शिसे नको, असा नियम 2016 साली झाला आणि नोव्हेंबर 2017 पासून अमलात आला. चांगले झाले. पण नियम नव्या डब्याला लागू. भिंतीवर आधीच बसलेल्या थरांना नव्हे. नवा रंग देताना तेच थर काचकागदाने कोरडे घासले जातात आणि धूळ घासणाऱ्याच्या नाकात जाते. ओल्या फडक्याने भिजवून घासले, नाकातोंडाला योग्य मास्क लावला, तर हे पुष्कळ टळते. वेळ मात्र जास्त लागतो. आणि वेळाचे पैसे चौरस फुटात बसत नाहीत, हे वर आलेच आहे.

आमच्या महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वारशाचा आम्हां सर्वांना अभिमान आहे. परंतु योजनेतल्या मुलामुलींना आम्ही कामे कोणती देतो? बाके उचलणे, बागेला पाणी घालणे, ग्रंथालयातील पुस्तकांना चिठ्ठ्या डकवणे. ही कामे हलकी आहेत असे मी म्हणत नाही. त्यांत शिकण्यासारखे फारसे नाही, एवढेच म्हणते. पुढच्या वर्षी अभ्यासिकेला रंग देण्याचे घाटत आहे असे कळते. माझी सूचना अशी: एखाद्या जाणत्या रंगाऱ्याला रोजावर, शिकवण्याचे पैसे धरून बोलवावे, योजनेतल्या सहा-सात जणांना त्याच्या हाताखाली द्यावे, आणि अंदाजपत्रकात चौरस फुटांच्या रकान्याशेजारी कडांच्या रनिंग फुटांचा एक रकाना काढून त्याचा वेगळा दर लावावा. खर्च वाढेल, हे मान्य. पण तो आज कोणीच भरत नाही असे थोडेच आहे? रंगारी भरतो.

अभ्यासिका मी मोजून ठेवली आहे. लांबी 40 फूट, रुंदी 24, उंची 12. दारे दोन, खिडक्या आठ. छत आग्नेय कोपऱ्यात पाऊण इंच उतरले आहे, तेव्हा दोरी कोठून ताणायची ते आधी दारात उभे राहून ठरवावे लागेल.