सामाईक वही आणि कृषी विद्यापीठें

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे मुलगे व मुली आज राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली येथील कृषी विद्यापीठांत शिकत आहेत, व कित्येकांनीं प्रयोगाकरितां आपल्या शेताचा तुकडाही विद्यार्थ्यांच्या हवालीं केलेला आहे. यास्तव विद्यापीठांत नोंदी कशा ठेवल्या जातात, हा प्रश्न जितका प्राध्यापकांचा तितकाच आपलाही आहे.

नोंदीवांचून केलेला प्रयोग हा न मोजतां उचललेल्या राशीसारखा होय. पिकलें एवढें कळतें, किती व कशानें हें कळत नाहीं. इंग्लंडांत रॉथमस्टेड येथें लॉज व गिल्बर्ट यांनीं १८४३ सालीं ब्रॉडबाक नांवाच्या शेतांत गव्हाच्या खतांचा प्रयोग आरंभिला, तो आजही चालू आहे. आरंभ करणारे निवर्तले, पण नोंदी राहिल्या. १९१९ सालीं रोनाल्ड फिशर हे गणिती तेथें आले, ते त्या सांठलेल्या नोंदी उलगडण्याकरितां. व त्या कामांतून प्रयोगाच्या मांडणीच्या ज्या रीती निघाल्या, त्या आज जगभर शेतकी संशोधनांत चालतात. नोंदी लिहिणारांस हा उपयोग ठाऊक नव्हता. परंतु त्या संस्थेच्या कपाटांत राहिल्या, म्हणून पुढच्यांस सांपडल्या.

आपल्याकडे विद्यार्थी दोन वर्षें एका प्रयोगावर खपतो, प्रबंध ग्रंथालयांत ठेवितो व निघून जातो. प्रबंधांत निष्कर्ष असतात. पण मावा कोणत्या आठवड्यांत आला, कोणत्या वाफ्यांत पाणी तुंबलें, ही बारीक हकीकत त्याच्या वहींत असते, व ती वही बहुधा त्याच्याबरोबर घरीं जाते.

यावर उपाय म्हणून हल्लींच्या संगणकावरील सामाईक वह्यांचा विचार व्हावा, असें आमचें मत आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीची 'वननोट' ही अशी वही २००३ सालीं निघाली. तींत विभाग असतात व विभागांत पानें. पानावर अक्षर, आंकडे, छायाचित्र व बोललेला आवाजही ठेवितां येतो. एकाच वेळीं अनेकांस लिहितां येतें, कोणता मजकूर कोणीं लिहिला हें दिसतें, व पानाचीं पूर्वींचीं रूपें पुन्हां पाहतां येतात. शिवारांत संपर्क नसला तरी मोबाइलवर लिहून ठेवावें. संपर्क येतांच तें सर्वांच्या वहींत उतरतें. वर्गासाठीं हिची जी तऱ्हा आहे, तिचे तीन भाग असतात: गुरूंनीं लिहून विद्यार्थ्यांनीं केवळ वाचावयाचा एक, सर्वांनीं मिळून लिहावयाचा दुसरा, आणि प्रत्येक विद्यार्थ्याचा स्वतंत्र तिसरा. किडींचा अभ्यासक, मातीचा अभ्यासक व पिकांचा अभ्यासक हे तिघेही एकाच शेताविषयीं एकाच पानावर लिहूं लागले, तर तिघांसही अधिक कळेल.

यावर एक आक्षेप असा कीं, आळशी विद्यार्थी दुसऱ्याच्या कष्टावर पास होईल. सावडीनें काम करणाऱ्या शेतकऱ्यास याचें उत्तर सांगावयास नको. कोण कितीदां आला व कोणीं अंग चोरलें, हें सावडींत सर्वांस दिसतें; या वहींतही लिहिणाराचें नांव मजकुराजवळ राहतें.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. ही वही परक्याच्या कोठारांत ठेवलेल्या धान्यासारखी आहे. किल्ली त्याची व अटीही त्याच्या. गूगल कंपनीनें २००९ सालीं 'वेव्ह' नांवाचें सामाईक लेखनाचें साधन मोठ्या गाजावाजानें पुढें आणिलें व २०१० सालींच त्याचें काम थांबविलें. 'एव्हरनोट' या वहीनें २०२३ च्या अखेरीस फुकट वापरणारांस एक वही व ५० टिपणें एवढीच मर्यादा घातली. विंडोज १० करितां असलेल्या वननोटचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. ज्या फळबागेचा प्रयोग वीस वर्षें चालावयाचा, तिच्या नोंदी अशा भरंवशावर सोडणें शहाणपणाचें नव्हे.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, वही विद्यापीठाच्या नांवें असावी. विद्यार्थ्याच्या खाजगी खात्यावर नसावी. दुसरी, प्रत्येक हंगामाअखेर तिची प्रत साध्या कोष्टकांच्या रूपानें काढून विद्यापीठानें स्वतःच्या संग्रहीं ठेवावी, व मुख्य आंकडे कागदावरही छापून ठेवावे. तिसरी, ज्याच्या शेतांत प्रयोग झाला, त्यास त्याच्या शेताचें पान मराठींत वाचावयास मिळावें व त्यावर आपलें म्हणणें लिहितां यावें. मात्र त्याचें देणें, त्याचा गट क्रमांक किंवा घरची स्थिति त्याच्या संमतीवांचून इतरांपुढें उघडी होऊं नये.

तिसऱ्या सूचनेस आम्ही सर्वांत अधिक महत्त्व देतों. जमिनीचा उतार व पाण्याची ओढ कसणाऱ्यास जितकी ठाऊक असते, तितकी दोन हंगामांच्या पाहुण्यास असत नाहीं. त्याचें म्हणणें नोंदींत न आलें, तर नोंद अपुरी राहील, मग ती कितीही सुबक यंत्रावर लिहिलेली असो.

आमच्या वाचकांस विनंती एवढीच कीं, पुढील हंगामांत विद्यार्थी बांधावर आले म्हणजे त्यांस आदरानें जागा द्यावी, माहिती द्यावी, आणि तितक्याच स्पष्टपणें विचारावें, "ही नोंद राहणार कोठें, व आम्हांस दिसणार केव्हां?" उत्तर तयार नसेल, तर तें गुरुजनांकडून आणण्यास सांगावें. जमीन आपली व श्रम दोघांचे असतां नोंद मात्र तिसऱ्याची व्हावी, हें न्याय्य नव्हे.