मेंदूतले ठिपके आणि बंद केलेली गोळी

चक्कर येते म्हणून मेंदूचा एमआरआय होतो आणि अहवालात ‘सूक्ष्म रक्तस्रावाच्या खुणा’ अशी ओळ येते. घर हादरते. मेंदूत रक्तस्राव म्हटल्यावर रक्त पातळ करणारी गोळी अनेकदा परस्पर बंद केली जाते. ही घाई जिवावर बेतू शकते.

मेंदूतल्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत झाल्या की त्यातून थेंबभर रक्त झिरपते. रक्त जिरते, पण त्यातले लोह तिथेच राहते. एमआरआयच्या विशिष्ट तंत्रात ते काळ्या ठिपक्यासारखे दिसते. साध्या सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या पाहणीत 60 ते 69 वयोगटातील सुमारे 18 टक्के, तर ऐंशीपुढील 38 टक्के लोकांमध्ये असे ठिपके आढळले. म्हणजे ही दुर्मीळ गोष्ट नव्हे.

ठिपका कुठे आहे, यालाही अर्थ असतो. मेंदूच्या खोल भागातले ठिपके बहुधा जुन्या उच्च रक्तदाबाकडे बोट दाखवतात; पृष्ठभागाजवळचे ठिपके वाहिन्यांच्या भिंतीत साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाकडे. एखाददुसऱ्या ठिपक्याने सहसा काहीच जाणवत नाही. संख्या वाढली की पक्षाघाताचा धोका वाढतो. स्मरणशक्ती, विचारांचा वेग आणि चाल यांवरही परिणाम होऊ शकतो.

मग गोळी बंद का करू नये? गुठळीमुळे पक्षाघात होऊन गेलेल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. ठिपके असले तरी पुन्हा गुठळी होण्याचा धोका रक्तस्रावापेक्षा जास्तच राहतो, असे त्यातून दिसले. त्यामुळे गोळी चालू ठेवायची, बदलायची की थांबवायची, हे ठिपक्यांची संख्या व जागा पाहून डॉक्टरांनीच ठरवावे.

पडलेला ठिपका पुसता येत नाही. नवा पडण्याची शक्यता कमी करता येते. त्यासाठी लागते ते रक्तदाब मोजायचे साधे यंत्र. तिशीपुढील प्रत्येकाची तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. पण नुसत्या तपासणीने भागत नाही. रक्तदाबाची गोळी रोजची असते; प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचा साठा एक महिना आहे आणि पुढचा नाही, असे होता कामा नये. आणि ‘आता बरे वाटते’ म्हणून ती सोडणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे: वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, तो आतून झिजवतो.