वृद्धांच्या शुश्रूषेचा भार कोणी वाहायचा?

वृद्ध मातापित्यांचा सांभाळ हे अपत्याचे कर्तव्य आहे, याविषयी मराठी समाजात कधीच मतभेद नव्हता. मतभेद नव्हता म्हणूनच या सांभाळाला किती श्रम आणि किती पैसा लागतो, याचा हिशेबही कोणी मांडला नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूसासऱ्यांचे सारे काही करणे घरातील सुनेच्या वाट्याला येई. तिच्या श्रमाला मोल नव्हते, म्हणून शुश्रूषा फुकटच असते असा समज रूढ झाला. आज ती सून नोकरीवर जाते, मुलगा परगावी असतो आणि अर्धांगवायू किंवा स्मृतिभ्रंश झालेला माणूस औषधोपचारांच्या बळावर वर्षानुवर्षे जगतो. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या दहा कोटींहून अधिक भरली होती. त्यांच्यापैकी जे परावलंबी होतील त्यांचा खर्च कोणी सोसायचा, या प्रश्नाला आपल्या कायद्याने अद्याप सरळ उत्तर दिलेले नाही.

कायदे नाहीत असे मात्र नव्हे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध मातापित्यांच्या पोषणाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी या दोघांवर टाकली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाखाली स्वतःचे उत्पन्न असलेली विवाहित मुलगीही वडिलांच्या निर्वाहाला बांधलेली आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली दिला. त्यानंतर २००७ साली मातापिता व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा स्वतंत्र कायदा आला. दिवाणी न्यायालयाचे उंबरठे झिजवण्याऐवजी वृद्धाने प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे साधा अर्ज करावा आणि नव्वद दिवसांत, फार तर आणखी तीस दिवसांत, त्याचा निकाल लागावा, ही या कायद्यातील योजना निःसंशय स्वागतार्ह होती.

परंतु या कायद्याने निर्वाहाच्या रकमेवर दरमहा दहा हजार रुपयांची कमाल मर्यादा घातली. २००७ पासून ती तशीच आहे. दिवसरात्र रुग्णाजवळ थांबणारी बाई मुंबई-पुण्यात या रकमेत मिळत नाही, हे कोणत्याही ब्युरोकडे चौकशी करणाऱ्याला ठाऊक आहे. औषधे, डायपर, भाड्याची खाट हा खर्च तर वेगळाच. ही मर्यादा काढून टाकणारे, जावई आणि सून यांनाही जबाबदार धरणारे आणि घरपोच शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्थांना नोंदणीची व किमान दर्जाची अट घालणारे विधेयक सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले. ते मंजूर न होताच २०२४ साली ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही तिच्याबरोबर गेले.

तथापि मर्यादा काढल्याने प्रश्न मिटेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. अपत्य नाकर्ते किंवा निर्दय असते, अशा गृहीतावर हा कायदा उभा आहे. अशी अपत्ये आहेत आणि त्यांना वठणीवर आणलेच पाहिजे. पण बहुसंख्य मध्यमवर्गीय घरांतील अडचण निराळी आहे. तेथे मुलाची इच्छा असते, ऐपत नसते. घराचा हप्ता आणि मुलांची फी भागवून वडिलांच्या शुश्रूषेसाठी दरमहा मोठी रक्कम बाजूला काढणे शिक्षकाला किंवा कारकुनाला शक्य नाही. त्याच्यावर हुकूमनामा बजावून पैसा निर्माण होत नाही.

निवृत्तिवेतनाची स्थितीही समाधानकारक नाही. खाजगी नोकरीतून निवृत्त झालेल्यांच्या पेन्शन योजनेत २०१४ साली किमान रक्कम दरमहा १,००० रुपये ठरली. विम्याचा आधार आहे म्हणावे, तर तोही अपुरा आहे. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न घालता पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत मिळू लागले. हे पाऊल मोठे आहे. परंतु हे संरक्षण रुग्णालयात दाखल होण्यापुरते आहे. मांडीचे हाड मोडलेल्या वृद्धेवरील शस्त्रक्रियेचा खर्च योजना देईल. घरी आल्यावर तिला उठवणे, न्हाऊ घालणे, भरवणे यांसाठी दोन वर्षे लागणारा पैसा ती देणार नाही. मध्यमवर्गीय घर पोखरले जाते ते या दुसऱ्या खर्चाने.

या परिस्थितीत वृद्धाच्या हाती उरते ते त्याचे राहते घर. तेथेच चुका अधिक होतात. मायेपोटी किंवा आग्रहापोटी अनेक जण जिवंतपणीच घराचे बक्षीसपत्र करून देतात. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, परत मिळवण्याची सोय २००७ च्या कायद्याच्या २३ व्या कलमात आहे. मात्र हस्तांतर अशा अटीवर झाल्याचे सिद्ध झाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मधील निकालात त्याच न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ उदारपणे लावावा अशी भूमिका घेऊन एका मातेचे बक्षीसपत्र रद्द ठरवले. तरीही न्यायालयाच्या औदार्यावर विसंबण्यापेक्षा ती अट दस्तातच लिहून घेणे, किंवा बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र करणे, हेच शहाणपणाचे आहे. मृत्युपत्र हयातीत बदलता येते; बक्षीसपत्र तसे बदलता येत नाही.

मुखत्यारपत्राविषयीही असाच गैरसमज आहे. करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन विकल झाले की ते संपुष्टात येते. म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांच्या खात्यातून त्यांच्याच औषधासाठी पैसे काढण्याची वेळ येते, नेमके तेव्हाच ते कागद निरुपयोगी ठरतात आणि पालक नेमून घेण्यासाठी कुटुंबाला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागते. मनाची विकलता आल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र इंग्लंडच्या कायद्यात आहे. भारतीय कायद्यात तशी तरतूद करणे अवघड नाही आणि त्यासाठी तिजोरीतून पैसाही लागत नाही.

खर्चाच्या मूळ प्रश्नावर मात्र सामूहिक तरतुदीवाचून उपाय नाही. जर्मनीने १९९५ पासून आणि जपानने २००० पासून शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू केला. जपानमध्ये चाळिशी गाठलेला प्रत्येक नागरिक त्याचा हप्ता भरतो. हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, असा आक्षेप घेतला जाईल. त्याला उत्तर केरळने दिले आहे. तेथे २००८ च्या धोरणान्वये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या साहाय्याने परिचारिका अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जातात. याउलट २००७ च्या कायद्यात दर जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम काढण्याचा उल्लेख आहे, पण त्याची भाषा सक्तीची नाही आणि ती सोयही केवळ निराधारांसाठी आहे. ज्यांना मुलेही आहेत आणि थोडे पेन्शनही आहे, अशा वृद्धांचा विचार त्यात नाही.

तेव्हा २०१९ चे विधेयक सुधारून पुन्हा संसदेपुढे आणणे, आरोग्य विम्यात घरच्या शुश्रूषेचा समावेश करणे आणि नगरपालिका व ग्रामपंचायतींमार्फत प्रशिक्षित सेविका नेमणे, ही कामे सरकारने हाती घेतली पाहिजेत. नागरिकांनीही पन्नाशीतच घर, मृत्युपत्र आणि बचत यांचा विचार शुश्रूषेच्या वर्षांसह केला पाहिजे. अपत्याच्या कर्तव्यबुद्धीवर कायद्याने विश्वास जरूर ठेवावा. पण रात्रंदिवस राबणाऱ्या सेविकेचा पगार केवळ कर्तव्यबुद्धीतून देता येत नाही. आणि तो पगार कोठूनच मिळाला नाही, तर घरातील एखाद्या स्त्रीला नोकरी सोडून तो भार पुन्हा बिनमोबदला वाहावा लागेल.