खातं भाड्यानं देणाऱ्यांनो, आठ दिवस आहेत

अमरावती-अकोल्यात दोन-पाच हजारांसाठी आपलं बँक खातं, एटीएम कार्ड आणि सिम परक्याच्या हाती देणारा जो कोणी असेल, आणि ‘बँकॉकला डेटा एंट्री, राहणं-जेवण फुकट’ सांगून पोरं गोळा करणारा जो एजंट असेल, त्या दोघांना हा जाहीर इशारा.

तुमचा खरा मालक कोण ते ऐका. मकावच्या ‘१४ के’ टोळीचा म्होरक्या वान कुओक-कोई २०१२ मध्ये तुरुंगातून सुटला आणि पुढं म्यानमारच्या म्यावाडीत ‘औद्योगिक वसाहत’ काढायला निघाला. कोरोनात जुगारअड्ड्यांचं गिऱ्हाईक आटलं, तसा त्या पट्ट्यात फोनवरून लुबाडण्याचा धंदा फोफावला. हाच धंदा करणाऱ्या, म्यानमारच्याच कोकांग भागातल्या मिंग टोळीतल्या ११ जणांना सप्टेंबर २०२५ मध्ये चीनच्या न्यायालयानं मृत्युदंड सुनावला. (चिनी माणसावर डूख धरू नका; या अड्ड्यांत डांबलेल्यांत चिनी पोरंही होती.)

पोरगं बँकॉकला उतरतं, गाडीनं थायलंडच्या सीमेवरच्या मे सोतला जातं, मोई नदी ओलांडली की म्यावाडी. पासपोर्ट काढून घेतात. मग खोट्या प्रोफाइलवरून दिवसभर सावज शोधायचं. टार्गेट चुकलं की मार, विजेचे झटके, घरी खंडणीचा फोन. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी अशा ५४९ भारतीयांना परत आणलं. महाराष्ट्रातलेही त्यांत होते.

‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या अटकेच्या धाकानं निवृत्त मास्तरांनी पाठवलेली फंडाची रक्कम आधी तुमच्या भाड्याच्या खात्यात पडते, तिथून दहा खात्यांत फुटते, शेवटी क्रिप्टोत गडप. मालक परदेशात, पोलीस येतात ते तुमच्या दारात. ‘मला दोनच हजार मिळाले’ ही सबब चालणार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ खाली संघटित गुन्ह्याला जाणूनबुजून हातभार लावणाऱ्याला किमान पाच वर्षं, कमाल जन्मठेप आहे.

आठ दिवस देतो. खातेवाल्यांनी बँकेत जाऊन खातं गोठवावं आणि सायबर पोलिसांपुढं जबाब द्यावा. एजंटांनी पासपोर्ट आणि घेतलेले पैसे परत करावेत. नाहीतर नवव्या दिवशी हाती असलेल्या जाहिराती, मोबाईल नंबर, खाते क्रमांक लेखी तक्रारीसह पोलिसांकडे जातील. नातं, जात, पक्ष काही पाहिलं जाणार नाही.

आणि राजेहो, व्हिडिओ कॉलवर अटक कायद्यात नाही. फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लाजेपायी दडवू नका, त्याच घडीला १९३० ही सायबर हेल्पलाइन लावा.